वानोळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्यापासून आपल्या पेपरात रोज दोन-तीन शिबिरांच्या जाहिराती असतात. 'सुट्टीत मुलांना गुंतवायचं कसं' अशी पत्रंही येऊन गेली. मलाही त्यावर काही सांगायचं आहे. मी उन्हाळभर पापड, बिबडे, कुरडया करून देणारी बाई आहे. राहणार भुसावळ, वय ६१. मे महिन्यात मला मान वर करायला सवड नसते. तरी आज बिबडे टाकून झाले आणि ते वाळेपर्यंत लिहायला बसले, कारण मृग आठ दिवसांवर आलाय. हे मृगाआधी छापून आलं तरच त्याचा कुणाला उपयोग.

माझं म्हणणं असं की घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला या पावसाळ्यात चार हात जमीन द्या. तिच्यात काय लावायचं ते त्याला ठरवू द्या. जे येईल त्याचा वानोळा, म्हणजे नव्या पिकातला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा वाटा, त्याच्याच हाताने गल्लीत जाऊ द्या. गेल्या मृगापासून मी हे करते आहे. मुलांना त्यातून काय मिळालं ते मुलंच कधीतरी सांगतील. मला काय मिळालं ते मी लिहिते.

आमच्या घरामागे बारा बाय नऊ फुटांची जागा आहे. हे रेल्वेत होते. रिटायर होण्याआधी त्यांनी हे घर बांधलं, आणि पाच वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे. मागच्या जागेत न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली एक केळ, भिंतीला लागून गोडनिंब म्हणजे कढीपत्ता, आणि बाकी सगळा बांधकामातून उरलेला मुरूम, विटांचे तुकडे नि माझ्या पापडाच्या खाटा. समोरच्या घरात दोन मुलं आहेत. थोरली तेव्हा पाचवीत गेली होती, धाकटा दुसरीत. आई कपड्याच्या दुकानात कामाला जाते, वडील ट्रकवर असतात. शाळा सुटली की आई येईपर्यंत दोघंही माझ्या ओट्यावर.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर धाकटा मागच्या दारातून ओरडला, "आजी, इथे काहीतरी उगवलंय!" अंग घासायला म्हणून न्हाणीत मी वाळलेलं गिलकं, म्हणजे घोसाळं, ठेवते, त्यातलीच एखादी बी सांडली असणार. दोन दळदार पानं आणि त्यांच्यामधून निघालेलं एक कोवळं, खरबरीत पान.

"हे कोणी लावलं?"

"कोणीच नाही."

"मग ते माझं," असं म्हणून त्याने चार विटा शोधून आणल्या आणि रोपाच्या चारी बाजूंना मांडल्या.

पहिले काही दिवस मी त्याच्या मागे कटकट लावली होती. एवढं पाणी घालू नको, हात लावू नको, माती उकरू नको. त्याला चवळीचे सहा दाणे दिले होते, ते तो रोज उकरून बघायचा. सहाही गेले. मी रागावणार होते, पण त्याच्या तोंडाकडे बघून मला माझा मुलगा आठवला. तो एवढाच होता तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरमागे त्याने मक्याचे दाणे टोचले होते. दोन दाणे उगवलेही. मी त्याला हाताला धरून आत नेलं आणि अभ्यासाला बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी कपडे धुवायचा दगड तिथेच सरकवला. माझे वडील शेतकरी होते. त्यांना आयुष्यभर पाण्यासाठी, भावासाठी, कर्जासाठी झुरताना मी पाहिलं होतं. आमच्या पिढीला तेव्हा पोराला मातीतून वर काढणं हेच सगळ्यात मोठं काम वाटायचं, आणि ते आम्ही जीव लावून केलं. खानदेशात माझ्या वयाच्या कितीतरी बायांनी हेच केलं असेल. त्या दगडाची आठवण मला तीस वर्षांत आली नव्हती.

धाकट्याला मी आणखी दाणे दिले. या वेळी काचेच्या ग्लासात ओला कपडा घालून, काच आणि कपडा यांच्यामध्ये दाणे अडकवले. आता त्याला न उकरता मूळ दिसायला लागलं. आधी मूळ खाली जातं, मगच कोंब वर येतो, हे त्याने तीन दिवसांत पाहिलं आणि मला शिकवलं. मी माहेरी शेतात पेरणी केलेली आहे, पण बी काचेतून बघायची सवड मला कोणी दिली नव्हती.

मग आम्ही जागा साफ केली. मुरूम काढून बाजूला टाकला. भावाने शेतातून दोन गोण्या काळी माती आणून दिली. आपली काळी माती नुसती घातली तर पावसात चिखल होतो आणि उघाड पडली की दगड. म्हणून तिच्यात तेवढंच जुनं शेणखत आणि थोडी वाळू मिसळली. जागेचे तीन भाग केले, एक थोरलीचा, एक धाकट्याचा, एक माझा. पापडाची एक मोडकी खाट भिंतीला उभी टेकवली, तिचा मांडव झाला. तिच्या एका पायाशी धाकट्याचं गिलकं. थोरली म्हणाली, मला दोडका पाहिजे. दुसऱ्या पायाशी दोडका लावला.

आता जे सांगते ते मी कितीदा तरी माझ्या बहिणींना फोनवर सांगितलं आहे.

श्रावण लागता लागता दोन्ही वेलांना कळ्या आल्या. धाकट्याची शाळा सकाळची. सातला दप्तर घेऊन तो मागे चक्कर मारायचा तेव्हा गिलक्याची पिवळीधमक फुलं उमललेली असायची, त्यांच्यावर मधमाश्या आणि मोठे काळे भुंगे. दोडक्याच्या कळ्या मात्र मिटलेल्या. दुपारी परत आला की गिलक्याची फुलं मलूल झालेली आणि दोडका तसाच. चार-पाच दिवस असं बघून त्याने ताईला सांगून टाकलं, "तुझा वेल खराब आहे." थोरली काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती वेलाकडे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो चेंडू आणायला मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, तुझी उघडली!" मी हातातलं काम टाकून गेले. मांडवावर सात-आठ फुलं उमलली होती, आणि आणखी दोन आमच्या डोळ्यांदेखत उमलत होती. आम्ही तिघं बादल्या पालथ्या घालून बसलो. कळीचं टोक आधी सैल होतं. घडी घालून ठेवलेल्या ओढणीसारख्या पाकळ्या एकीवर एक चेपलेल्या असतात. त्यातली एक सुटते, थोडी थांबते, मग बाकीच्या सुटतात. रंग गिलक्यापेक्षा फिका, आणि वास अगदी मंद. अंधार पडायला लागला तसं करड्या रंगाचं एक पाखरू येऊन एका फुलापुढे पंख फडफडवत थांबलं. धाकट्याने माझा हात घट्ट धरला होता.

दोडका संध्याकाळी फुलतो आणि गिलकं सकाळी. एकाकडे रात्रीची पाखरं येतात, दुसऱ्याकडे दिवसाच्या माश्या. एकाच खाटेच्या दोन पायांशी लावलेले सख्खे वाटावेत असे दोन वेल. मी जन्मभर दोडके चिरले, शिरा काढून त्यांची चटणी केली, आणि हे मला साठी झाल्यावर दुसरीतल्या मुलाने दाखवलं. त्या रात्री मला जी झोप लागली ती ह्यांच्या मागे कधी लागली नव्हती. पापड लाटून माझे खांदे दुखतात, रात्री कूस बदलता येत नाही. खांदे त्या रात्रीही दुखतच होते. पण उद्या सकाळी उठून काय बघायचं आहे ते मला ठाऊक होतं.

पुढे थोरलीची तक्रार आली की फुलं येतात आणि गळतात. ही तक्रार मोठी माणसंही करतात, आणि वेल वांझ निघाला म्हणून उपटून टाकतात. तसं करू नका. आधी येतात ती नरफुलं. ती एका दांड्यावर झुपक्याने येतात आणि गळायचीच असतात. मादीफूल नंतर येतं, एकटं, आणि त्याच्या खाली काडीएवढा इवलासा दोडका आधीपासून असतो. गल्लीत पाखरं कमी असली तर संध्याकाळी नरफूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पराग मादीफुलाला हलकेच टेकवायचा. थोरलीने तसं केलं आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधला. पाचव्या दिवशी दोऱ्याखालचा दोडका बोटभर झाला होता. तिने त्याला हात लावला नाही, फक्त स्वतःचं बोट शेजारी धरून मला दाखवलं.

वांग्याचं बी माझ्या माहेरचं. माहेर बामणोदच्या बाजूला, आणि तिकडच्या भरिताच्या वांग्याबद्दल आपल्या वाचकांना मी काय सांगावं! हिरवट, पांढऱ्या रेघांचं, मोठं, आत बी कमी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भावाने पेढे वाटले होते. जूनमध्ये टाकलेलं बी आठ-दहा दिवसांत उगवलं. रोपं चार पानांवर आली आणि एका दुपारी मागचं दार उघडं राहिलं. शेळीने सगळा वाफा साफ केला. कोपऱ्यातली सहा रोपं वाचली. दार धाकट्याकडून उघडं राहिलं होतं, तो घाबरून घरी पळाला. मी त्याला बोलावून आणलं आणि त्या सहातली दोन त्याच्या वाफ्यात लावली. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा खालून खुडायचा आणि चिरून बघायचा, आत गुलाबीसर अळी सापडते. खुडलेला शेंडा तिथेच टाकायचा नाही. दर रविवारी शेंडे तपासायचं काम धाकट्याने स्वतःहून घेतलं. फवारणीला फक्त निंबोळ्यांचा अर्क. जूनमध्ये रस्त्यावरून गोळा केलेल्या निंबोळ्या सुकवून, एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटून रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी फडक्याने गाळून घ्यायच्या.

एक गोष्ट लिहायला मला जड जातं, पण ती लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. भाद्रपदात गोडनिंबाची पानं कोणीतरी फस्त करायला लागलं. बघते तर हिरव्यागार अळ्या, बोटाच्या पेराएवढ्या. काहींवर अजून पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे डाग होते. मी त्या काडीने खाली पाडल्या आणि चपलेने चिरडल्या. सातच्या सात. संध्याकाळी थोरली आली, झाडाकडे गेली आणि तशीच उभी राहिली. तिच्या दप्तरात एक वही होती. त्यात तिने बारा दिवस रोज लिहिलं होतं: आज किती अळ्या, केवढ्या झाल्या, हात लावला तर डोक्यातून लाल शिंग काढतात, त्याला आंबट वास येतो. शेवटच्या पानावर 'आज ७, एक हलत नाही' असं लिहिलेलं होतं. तिने वही मिटली आणि घरी गेली. दोन दिवस ती ओट्यावर आली नाही. धाकटा एकटाच यायचा.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले. तिची आई म्हणाली, "काकू, तुम्ही कशाला आलात, मी समजावते तिला." मी म्हटलं, समजावायचं तिला नाहीये. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं की मी न विचारता केलं, माझं चुकलं. एवढं बोलताना माझा गळा भरून आला. माझ्या स्वतःच्या मुलाला मी हे वाक्य कधी म्हटलेलं नाही. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "पुन्हा येतील का?" मी म्हटलं, बघू. आमचं असं ठरलं की खालच्या दोन फांद्या अळ्यांच्या, बाकीचं झाड आपल्या फोडणीचं.

त्या पुन्हा आल्या. पानावर मोहरीहून बारीक, पिवळसर अंडी थोरलीलाच आधी दिसली. या वेळी आम्ही शेवटपर्यंत बघितलं. अळीने काडीला रेशमाचा पट्टा बांधून त्यात स्वतःला टांगून घेतलं आणि तिचा कोष झाला. जवळजवळ दहा दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला कोष उघडला. मुलं शाळेत होती. माझे हात उडदाच्या पिठाने भरलेले. पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले होते, ते हळूहळू पसरले. काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाला खाली तांबडा टिपका. ते तासभर तसंच लटकून राहिलं, आणि मी तासभर तिथेच उभी. थोरली आली तेव्हा मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिने मला बसवून, एकेक गोष्ट विचारून वहीत उतरवून घेतली. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं, हे तिने शाळेतून विचारून आणलं. आता गोडनिंबाची पानं कमी मिळाली तरी मी ओरडत नाही.

आता वानोळ्याचं. गिलक्याने भाद्रपदात दम काढला. दिवसाआड पाच-सहा निघायची. दोन घरांना पुरून उरेल एवढी. माझी आई शेतातलं नवं काही आलं की ते आधी शेजारी पाठवायची, मग आमच्या चुलीवर चढायचं. शहरात येऊन मी ते विसरले होते. वानोळा द्यायला काही पिकावं तर लागतं! मी धाकट्याच्या हातात परडी दिली आणि म्हटलं, जा, तुझा वानोळा वाटून ये. कोणाकडे जायचं ते मी सांगितलं नाही. तो सगळ्या गल्लीत गेला. कोपऱ्यावरच्या घरीही गेला, ज्यांच्याशी सांडपाण्याच्या नालीवरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. त्याला ते माहीत नव्हतं. परडी रिकामी परत देऊ नये ही आपल्याकडची रीत, म्हणून त्या घरून परडीत लिंबाच्या लोणच्याची वाटी आली. ती वाटी परत करायला मी स्वतः गेले. त्या बाई दारातच म्हणाल्या, "गिलकी गोड होती हो तुमची." मी म्हटलं, माझी नाहीत, त्या पोराची. मग चहा झाला.

हे मी करायला गेले असते तर झालं नसतं. मी परडी घेऊन निघाले असते तर कोपऱ्यावरचं घर वगळूनच परतले असते.

चंपाषष्ठीला वांगी आली. आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत, म्हणून त्या दिवसाची सगळे वाट बघत होते. भावाने पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, आणून दिल्या. गच्चीवर त्यांच्या जाळात वांगी भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, मिरची-लसणाबरोबर ठेचली, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी. मुलांच्या वांग्यांत भागलं नसतं म्हणून भावाने शेतातली आणखी घातली. पण थोरलीने आपल्या वाफ्यातली वेगळी भाजायला लावली आणि ती कोणत्या ताटात गेली ते लक्ष ठेवून बघितलं. गल्लीतली चौदा माणसं जेवली. धाकट्याने भरीत खाल्लं नाही. तो अजूनही वांगं खात नाही. पण वाढायला तोच उभा होता, आणि प्रत्येकाला "अजून घ्या" म्हणत होता.

आता सुट्टीतल्या शिबिरांकडे येते. माझा नातू पुण्याहून मे महिन्यात आठ दिवसांसाठी येतो. पारा ४५च्या पुढे असतो, नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, मागच्या जागेत वाळलेल्या पानांच्या थराखाली झाकलेली माती आणि केळ, एवढंच असतं. त्याला दाखवायला काही नसतं. बागकामाची शिबिरं भरतात ती याच दिवसांत. कुंडी, माती आणि रोप देतात, आणि खानदेशातल्या उन्हात ते रोप आठवड्यात करपतं. ते मूल मग आपल्या हाताला यश नाही असं समजून बसतं. चूक त्याच्या हाताची नाही, महिन्याची आहे. आपल्याकडे मुलाला मातीत उतरवायचं ते मृगाला, आणि सुट्टीच हवी असेल तर दिवाळीची. मी या वर्षी दिवाळीत नातवाला जास्त दिवस ठेवून घ्यायला मुलाला सांगितलं आहे. मक्याच्या त्या दोन दाण्यांचंही मी त्याला सांगितलं. तो फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मला आठवतं ते."

मोबाइलवर बागकामाचे भरपूर व्हिडिओ आहेत, पण कोण कुठून सांगतंय ते कळत नाही. मार्चमध्ये पालक पेरा म्हणतात, आपल्याकडे तो आठ दिवसांत पिवळा पडतो. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की मुलांच्या पानावर दर नक्षत्राला खानदेशच्या हवेचं एक छोटं कोष्टक द्यावं. मी काय करते ते सांगते. मृगात गिलके, दोडके, गंगाफळ (लाल भोपळा), भेंडी, गवार, चवळी, आणि वांगी-मिरचीचं रोप टाकणं. महिन्याभराने रोपांची लावणी. पोळा झाला की मुळा, पालक, कोथिंबीर. दिवाळीच्या मागे-पुढे मेथी, लसूण, गाजर, आणि कोवळ्या पाल्यासाठी हरभरा. मेथीचा घोळाणा मुलांनी स्वतः खुडून केला तर त्यात कांदा, दाणे नि मीठ कालवण्यापलीकडे आपण काही करायचं नसतं. उन्हाळ्यात काहीच पेरायचं नाही. केळीला आणि गोडनिंबाला जगवायचं, त्यासाठी झाडाजवळ कोरं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि दोन दिवसांआड भरायचं, पाणी झिरपून मुळाशी जातं. मडक्यावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात.

शाळांनाही एक सांगणं आहे. शालेय पोषण आहारासाठी कितीतरी शाळांत परसबाग असते, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण बऱ्याचदा तिथे मुलांचं काम पाणी घालण्यापुरतंच असतं. वाफ्यावर मुलाच्या नावाची पाटी लावा आणि त्याचं काही मेलं तर मेलेलं राहू द्या. आमच्या भागातल्या मोकळ्या जागेत दर पावसाळ्यात रोपं लावायचा कार्यक्रम होतो. मुलं रांगेत उभी करतात, एकेकाच्या हातात रोप देतात, फोटो निघतो. गेल्या वर्षीच्या रोपांतलं होळीपर्यंत एकही राहिलं नाही. कोणी लावली ते मी लिहीत नाही, पण त्या रांगेत थोरलीही होती. आपलं रोप कुठलं ते तिला सापडलं नाही, मग ती पाणी कोणाला घालणार?

एक राहिलं. केळ श्रावणात निसवली आणि मार्गशीर्षात घड उतरवला, सात फण्यांचा. घड उतरवला की ते खोड कापावं लागतं, त्याला पुन्हा घड येत नाही. मी कोयता आणला तेव्हा धाकटा आडवा झाला. "तिने एवढी केळी दिली आणि तू तिला मारतेस?" मी त्याला बुंध्याशी आलेलं पील दाखवलं, तलवारीसारख्या निमुळत्या पानांचं. हिच्या पोटचं आहे, म्हटलं, हिला काढलं तर याला जागा मिळेल. त्याने बराच वेळ दोघांकडे बघितलं. मग म्हणाला, "आज नको. उद्या." दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी त्याने खोडाला तांब्याभर पाणी घातलं आणि मला म्हणाला, "आता काप." ते पील आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. मडक्याचं पाणी त्यालाच जातं.

बिबडे वाळत आले, उलटायला उठलं पाहिजे. बिया काढून ठेवल्या आहेत, पापडाच्या पत्र्याच्या डब्यात, राखेत घोळून. एकूण अकरा पुड्या झाल्या. थोरलीने प्रत्येक पुडीवर नाव आणि महिना लिहिला. या वर्षी धाकट्यालाही दोडका पाहिजे आहे. त्याच्या पुडीवर त्याने ताईला लिहू दिलं नाही, स्वतःच लिहिलं: 'दोडके, संध्याकाळचे'.

आपली,
एक नियमित वाचक, भुसावळ